उलटा वाटणारा कपॅसिटर

बेल्ह्यात आमचं दुकान आहे. बाहेरच्या अंगाला दादा ट्रॅक्टर-टेम्पोची वायरिंग करतो, आत कोपऱ्यातल्या टेबलावर मी ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. हे टेबल मी दादाच्या मागे लागून लागून मिळवलं. तरी गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि वस्तू त्याच्याच हातात देतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. म्हणून शेजारच्या गावच्या भजनी मंडळाने देवळाचा ॲम्प्लिफायर थेट माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा वाटलं, हा एक नीट गेला की आपलं नाव झालं. भजनापासून बिबट्या दिसल्याच्या पुकाऱ्यापर्यंत त्या गावचं सगळं त्याच्यावरच चालायचं.

त्यातले दोन्ही मोठे कपॅसिटर फुगले होते. असल्या ॲम्प्लिफायरला प्लस आणि मायनस असा दुहेरी सप्लाय लागतो, मध्ये शून्य व्होल्टचं ग्राउंड. एका कपॅसिटरचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस, दोन्ही त्या मधल्या ग्राउंडला जोडायचे. दुसऱ्याचा मायनस पाय मग मायनसच्या तारेला. माहीत नसलेल्याला हा दुसरा उलटाच लावलाय असं वाटतं, आणि खरंच उलटा लागला तर कपॅसिटर फुटतो. मी नवे लावले, वाजवून पाहिला आणि झाकण बसवून बाहेर दादाच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मंडळी परत दारात. चालू केल्याबरोबर आत फट्ट झालं म्हणे, गाभाऱ्यापर्यंत जळका वास.

"ताई, तुमचं काम काय खरं न्हाई," त्यांच्यातले म्हातारबाबा म्हणाले.

उघडला तर दुसरा कपॅसिटर खरंच उलटा. माझे कान तापले. मग माझ्यासमोर वाजला कसा? पण बोलणार कोणाला? नवा लावला आणि या खेपेला त्याच्या प्लसच्या अंगाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ॲम्प्लिफायर वाजवून पाहिला आणि पुन्हा दादाच्या फळीवर ठेवला.

तो कपॅसिटरही फुटून आला. ठिपका पार दुसऱ्या बाजूला गेला होता. आता मात्र मी संतापले. दुकानात सोल्डरिंग येणारे दोघंच. मी तडक बाहेर गेले. दादा ट्रॅक्टरच्या बॉनेटमध्ये वाकला होता.

"देवळाचा ॲम्प तू उघडला व्हता का?"

"उघडला की. दोन्ही येळला तुझा एक कपॅसिटर उलटा व्हता. बॉडीला मायनस लागतो, प्लस लावतात व्हय? लोकांम्होरं तुला बोल नको म्हणून गपचूप फिरवला."

जन्मभर त्याने गाड्यांच्या बॅटरीचा मायनसच बॉडीला, म्हणजे ग्राउंडला, लावलाय.

"मला इचारायचं तरी!" मी ओरडले. बाजाराला आलेली माणसं वळून बघायला लागली.

"इचारलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं," तो फडक्याला हात पुसत म्हणाला.

एवढा राग आला होता, आणि काढायचा कोणावर? मी त्याला टेबलापाशी ओढत नेलं, कपॅसिटर बदलला आणि मीटर लावून दाखवलं, मायनसच्या तारेचं व्होल्टेज ग्राउंडच्याही खाली असतं, म्हणून या कपॅसिटरचा प्लसच ग्राउंडला. त्याने बराच वेळ काट्याकडे पाहिलं. "असं व्हय," म्हणाला आणि ट्रॅक्टरकडे गेला.

मंडळी न्यायला आली. मी ॲम्प्लिफायर वाजवून दाखवला. म्हातारबाबांनी माझ्यावरून नजर काढून दादाकडे वळवली.

"भाऊ, या टायमाला तुमी बघितलंय ना?"

मी दादाकडे पाहत राहिले. एकदा तरी म्हण, हिचंच बरोबर होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याच काळजीपोटी म्हणाला, "व्हय, मी सोता बघितलंय. न्या बिनघोर."

तो ॲम्प्लिफायर अजून खणखणीत वाजतोय. मंडळी पावण्यारावळ्यांनाही सांगतात, बेल्ह्यातल्या भाऊंकडेच टाका.