विष्णूकाकांचा उबदार फ्रिज

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला घर असतं, गाव नसतं. विष्णूकाकांना हे सत्तरी ओलांडल्यावर कळलं, तेही डोळ्यांच्या डॉक्टरकडून. डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला आणि लायसन्स गेलं. उभा जन्म मोटारींचे गिअरबॉक्स डिझाइन करण्यात घालवलेला माणूस, पण स्वतःच्याच गॅरेजात उपरा झाला. तरी दर रविवारी गॅरेजचं दार उघडून ते गाडीत बसायचे, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करायचे, समोरच्या आरशात मागचा रस्ता जमेल तेवढा बघायचे आणि इंजिन बंद करून घरात यायचे.

"कोंडून घातलंय मला," हे पालुपद दिवसभर चालायचं. सरलाकाकू ऐकून घ्यायच्या. त्यांना गाडी येत नव्हती. मुलगा नकुल सिएटलहून फोनवर सांगायचा, "बाबा, राइड बुक करा ना, इट्स सो ईझी." पण भाजी आणायला परक्याच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे काकांच्या नाकाला मिरची झोंबायची. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नव्हता.

शेवटी त्यांनी डोकं चालवलं. आपण जाऊ शकत नाही, तर लोक आपल्याकडे आले पाहिजेत. जुना ऑफिसमित्र मोहन नुसत्या चहासाठी बर्फातून यायचा नाही, पण घरी केलेल्या बिअरसाठी उडत येईल!

बिअरचं यीस्ट मात्र जावयासारखं. गारठलं की रुसून बसतं, तापलं की वाटेल ते करतं. जानेवारीतल्या बेसमेंटमध्ये त्याचा निभाव लागणं शक्य नव्हतं. म्हणून काकांनी नकुलचा कॉलेजच्या खोलीतला छोटा फ्रिज अडगळीतून ओढून काढला. आतले कप्पे काढले, दाराच्या आतले प्लॅस्टिकचे खण कापले, तेव्हा कुठे बिअर आंबवायची बादली मावली. वायरसाठी भोक पाडायचं होतं. फ्रिजच्या भिंतीत गॅसच्या नळ्या असतात, त्यातली एक फुटली की सगळंच मुसळ केरात. दारात नळ्या नसतात, म्हणून त्यांनी भिंग लावून, चाचपत, दारातच ड्रिल चालवलं. आत शेकायची छोटी विजेची गादी, बाहेर थर्मोस्टॅट. गार झालं की गादी तापणार, ऊब वाढली की फ्रिज चालू होणार. काटा एकोणीस अंशांवर.

"वर देव आणि खाली दारूची भट्टी!" काकू म्हणाल्या. पण मनातून त्या खूश होत्या. बादलीच्या झाकणातून गुडगुड सुरू झाली तेव्हा काका खुर्ची टाकून ऐकत बसले. त्या दिवशी त्यांनी कोंडल्याचं नावही काढलं नाही.

काकूंचंही एक गणित चाललं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दुसऱ्यांकडे कोण नेणार? म्हणून त्यांनी मंडळातल्या बायकांनाच घरी बोलावलं होतं. बेत इडलीचा. थंडीत पीठ काही केल्या फुगेना, ओव्हनमधला दिवा लावून ठेवला तरी ढिम्म. आणि खाली तर आयती उबदार पेटी! काका दुपारी जरा आडवे झाले असताना काकूंनी पिठाचं पातेलं बादलीला खेटून बसवलं आणि काटा बत्तीसवर नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी फ्रिज उघडला. पीठ पातेल्याबाहेर येऊन बादलीवरून ओघळलं होतं. बादलीतून नेलपॉलिशसारखा उग्र वास येत होता. बिअर वाया गेली होती.

"सरला! काय केलंस हे? काय उरलं होतं माझ्याकडे? हे एवढंच ना? तुला काय कळणार कोंडून पडणं म्हणजे काय ते!"

काकू जिन्यावर उभ्या होत्या. हातातला नॅपकिन त्यांनी सावकाश घडी करून कठड्यावर ठेवला.

"मला नाही कळणार? अहो, तुम्हाला एक हिवाळा झाला. मी इथे आल्यापासून याच खिडकीत बसलेय. भाजीला, देवळात, बाळंतपणालासुद्धा तुम्ही न्याल तेव्हाच गेले. तुम्ही त्याला आराम म्हणायचात."

काका खाली बसले आणि ओल्या फडक्याने बादलीवरचं पीठ पुसू लागले. त्यांना खरोखर लाज वाटली. नीट दिसत नसल्यामुळे पीठ अजूनच पसरत होतं. काकू खाली आल्या, त्यांनी फडकं काढून घेतलं आणि स्वतः पुसायला लागल्या. पीठ मात्र झकास आलं होतं.

"गाडी उभीच आहे," पुसता पुसता काकू म्हणाल्या. "तुम्ही शेजारी बसून सांगा. मी शिकते."

"या वयात?" काकांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी सावरून घेतलं. "बरं, शिक. शिकवतो. पण आत्ता रस्ते निसरडे आहेत. बर्फ वितळू दे, मग बघू."

काकूंनी फडकं पिळलं.

"नकुलच्या वेळी सातवा महिना होता मला," त्या म्हणाल्या. "तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."