सांदीतला मासा

वडील गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा मासा लपून बसायला लागला. हे मी फारसं कोणाला सांगत नसे, कारण ऐकणारा आधी मासा किती मोठा ते विचारायचा आणि मग हसायचा. मासा बोटाएवढा, केशरी. काचेच्या पेटीत मागच्या बाजूला फुटक्या कुंडीचं एक खापर उभं केलेलं होतं. ते खापर आणि काच यांच्यामधल्या सांदीत तो अंग चोरून पडायचा. मधूनच वर येऊन हवा गिळायचा, की परत सांदीत. मी तेव्हा गंगाखेडकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. गळीत हंगाम जोरात होता, दर आठवड्याला पाळी बदलायची, आणि घरी आल्यावर मला फक्त पाठ टेकायची असायची. त्यात हे माशाचं दुखणं.

वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर परभणीच्या उरुसातून त्यांनी दोन मासे आणले, प्लास्टिकच्या पिशवीत, एसटीत मांडीवर धरून. एक वाटेतच गेला. उरलेल्यासाठी त्यांनी फोटोफ्रेमवाल्याकडून पेटी करून घेतली. त्यांनी खुर्ची ओढली की मासा काचेशी यायचा. "पोरापेक्षा बरा हाय. हाक न मारता येतो," असं ते मला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायचे.

त्यांना मधुमेह होता, आणि त्या दुखण्याचा घरातला फौजदार मी होतो. रोज सकाळी त्यांची लघवी काचेच्या नळीत घ्यायची, निळं औषध घालायचं, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. रंग निळा राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा झाला तर मी कपाळाला आठ्या घालायचो. विटकरी झाला की थेट स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारायचो, काय दिलंस म्हणून. आई शपथा घ्यायची. वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दिवसभर कारखान्यात साखर मोजायची आणि घरी येऊनही साखरच मोजायची, असं माझं आयुष्य होतं, आणि मला ते फार कर्तव्यदक्ष वगैरे वाटायचं.

दिवाळी झाली आणि ते गेले. दहाव्याला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, पलीकडच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली उतरेना. नातेवाइकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. राणीसावरगावच्या जमिनीत जीव असेल, म्हणून मी हात जोडून मोठ्यानं वडिलांना म्हणालो, दादा, जमीन विकणार नाही. कावळा हलला नाही. बहिणीच्या लग्नाचं बघू, आईला सांभाळू, सगळं कबूल करून झालं. आई मागं बायकांत मान खाली घालून बसली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो.

म्हणून मासा लपला तेव्हा आईनं त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. "त्यांच्या मनातलं राहिलंय. कावळ्यानं तोंड फिरवलं, आता मासा बी तोंड दाखवंना." मी म्हणालो, अगं मासा आहे तो. तिनं रात्रीचं जेवण सोडलं. पुढं सकाळचंही निम्म्यावर आलं. अंगावरचं लुगडं सैल झालं, गालाची हाडं दिसायला लागली. एक माणूस नुकतंच पोहोचवून आलो होतो. दुसरं डोळ्यांदेखत वाळायला लागलं तशी मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मासा बाहेर आला तर ही जेवेल, एवढं मला कळत होतं. बाकी काही सुचत नव्हतं.

मग मी माशाच्या मागं लागलो. खिडकीतलं ऊन थेट पडतं म्हणून पेटी आतल्या भिंतीला घेतली. मासा तसाच. हवेच्या पंपाचा घरघराट वाढलाय असं वाटून त्याच्याखाली जुन्या चपलेचं रबर ठेवलं. शेजारचं मांजर काचेवर पंजा मारतं अशी बहिणीची खबर होती, म्हणून एक अख्खी सुट्टी मांजरावर पाळत ठेवण्यात घालवली. मांजर फिरकलंच नाही. नळाच्या पाण्यात पावडर जास्त पडते म्हणून दोन दिवस बादलीत ठेवलेलं पाणी थोडं थोडं बदलून पाहिलं. एक दिवस बरा जायचा, की पुन्हा सांदीत. पाण्यावर तेलकट तवंग दिसायचा. तो पंपाचा असेल असं मी धरून चाललो. थकलेला माणूस जे समोर दिसतं त्याचं सगळ्यात सोपं कारण उचलतो.

शेवटी एका सकाळी मी पेटीतलं पाणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि कारखान्यात घेऊन गेलो. आंबटपणाचा कागद बुडवला, तो बऱ्यापैकी लाल झाला. बाटली नाकाशी नेली तर ओळखीचा वास आला, मळीसारखा, आंबूस. आमच्याकडे बॉयलरच्या पाण्याची तासातासाला एक चाचणी असायची. बॉयलरच्या पाण्यात साखरेचा अंशही चालत नाही. नमुन्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि नळीच्या कडेनं ॲसिड सोडायचं. साखर असेल तर मध्ये जांभळं कडं उमटतं. माशाच्या खाण्यातल्या पिठानंही थोडं उमटतं, पण मला जे दिसलं ते जांभळीच्या जांभळासारखं काळंभोर होतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून बघून म्हणाला, "काय साहेब, मासा बॉयलरमधी सोडायलात का?" मी हसलो नाही. पेटीत कोणीतरी रोज गूळ टाकत होतं आणि घरात दुपारी, बहीण कॉलेजात गेल्यावर, आईशिवाय कोणी नसायचं.

दुपारी घरी आलो. आई सुपात गहू निवडत होती. मी रबरी नळीनं पेटीतलं पाणी बादलीत काढायला घेतलं. मग विचारलं, "आई, ह्यात गूळ टाकतेस?"

"गूळ न्हाई," ती म्हणाली. "मलिदा."

मलिदा म्हणजे गूळ-तूप घालून कुस्करलेली पोळी. वडिलांचा जीव की प्राण.

"दिवाळीआधी लय मागायलते रे. ताटली नको, चमचाभर दे, म्हणले. म्या न्हाई दिला. तू सकाळी नळी तापवशील अन् मला बोलशील म्हणून." ती गव्हातून खडे काढत राहिली. "दहाव्याला मला ठाव व्हतं काय राहिलंय ते. एवढ्या लोकांत काय सांगणार? मग ह्याला टाकला. पहिले दोन-तीन दिस खाल्ला त्यानं. मला वाटलं, पोचला. मग हा बी लपला. म्हणून जास्त टाकायलते."

मी तिला समजावलं. पोळी कुजते, पाणी आंबतं, तुपाचा तवंग धरला की पाण्यात हवा उतरत नाही, मासा गुदमरतो आणि कोपरा धरतो. तो रुसलेला नाही, आजारी आहे. मासा चारेक दिवसांनी बाहेर आला हे इथंच सांगून टाकतो, पुढं त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजे मासा रागावला न्हाई."

"नाही."

ती पुन्हा गहू चाळवायला लागली. "दिला असता तर ते लवकर गेले असते, व्हय ना?" तिनं विचारलं. "न्हाई दिला म्हणून चार दिस तरी जास्त राहिले."

मी हो म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि ती त्या रात्री पोटभर जेवली असती. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास मी वडिलांना औरंगाबादला दाखवून आणलं होतं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. मूत्रपिंडं गेलीत, आता पथ्याचं ओझं नको, काय मागतील ते द्या, म्हणाले. परत येताना परभणीच्या स्टँडवर आम्ही अडकलो. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, गाड्या उभ्या होत्या. दुपारनंतर एक हॉटेल अर्धं उघडलं. वडील म्हणाले, आज साखरेचा चहा घेऊ का रे? मी पोऱ्याला सांगितलं, एक बिनसाखरेचा. घरी आल्यावरही मी आईला काही सांगितलं नाही. काय मागतील ते दे, एवढं म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं की आता हे जाणार. मला ते तिच्या तोंडावर बघायचं नव्हतं. म्हणून मी रोज सकाळी नळी तापवत राहिलो, रंग बघत राहिलो आणि तिला बोलत राहिलो.

हे सगळं मी तिला सांगितलं. पेटीकडे बघूनच सांगितलं.

तिचा सुपातला हात थांबला. "तुला ठाव व्हतं?"

"हो."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तशी ती म्हणाली, "मग मला सांगायचं की रे. म्या करून घातला असता."