आप्पांचं रान, आक्काची ओळ

दिवाळी पाडव्याच्या सकाळी बेळगावात आमच्या टिळकवाडीच्या घरात चित्राचा व्यवहार ठरला. बारा हजार रुपये, त्यातले चार आगाऊ. हजर आम्ही तिघे होतो : मी, माझी पत्नी शोभा आणि जवळच्या मच्छे गावचे निवृत्त चित्रकला शिक्षक कल्लाप्पा मास्तर. जिच्यासाठी चित्र काढायचं ती माझी थोरली बहीण आतल्या खोलीत झोपली होती. तिला कळू नये म्हणून आम्ही हळू बोलत होतो. आज आक्काला जाऊन दीड महिना झाला, तरी त्या खोलीच्या दारात आलो की माझा आवाज आपोआप खाली येतो...

कंबरेचं हाड मोडल्यापासून आक्का आमच्याकडेच अंथरुणावर होती. तिचं एकच म्हणणं असे, "दत्ता, एकदा आप्पाचं रान बघून जायचं हाय रं." आप्पा म्हणजे आमचे वडील. निपाणीजवळचं त्यांचं ते तंबाखूचं रान रुंद झालेल्या रस्त्याखाली गेलं, हे तिलाही ठाऊक होतं. मी दहाव्या वर्षी शिकायला बेळगावला आलो. आक्का मात्र लग्न होईपर्यंत त्या रानात राबली. म्हणून तिच्या पंचाहत्तरीला रानाचं चित्र द्यायचं मी ठरवलं. मास्तरांना विहिरीचा एक जुना फोटो दिला. बाकीचं त्यांनी निपाणीकडची दुसरी रानं बघून काढलं.

मास्तर चित्र घेऊन आले. विहीर, बांधावरची बाभळ, मागे डोंगर आणि पुढे हिरव्या तंबाखूवर गुलाबी फुलांचा नुसता बहर. शोभा हरखली. आक्का बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, लई ग्वाड काढलंय. पर हे आमचं रान न्हवं."

"का वो आक्का?"

"इतकी फुलं? शेंडं खुडल्याबिगर पान पोसतंय व्हय? गाव म्हनंल, आप्पाला पोरगी न्हाय वाटतं!"

फुलावर आलेले शेंडे खुडणं हे तिचं काम होतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"फुलं काढली तर चित्रात राहतंय तरी काय?" मास्तर कुरकुरले.

"पान राहतंय की. फुलं इकून आप्पानं आमास्नी जगीवलं व्हय?"

मास्तर हसले आणि दुसऱ्या दिवशी रंग घेऊनच आले. मग रोज दुपारी खुर्चीवर चित्र उभं करून ते पलंगाशी बसत. आक्का एकेका झाडाकडे बोट करी, अंगठा आणि बोट जुळवून हवेतच चिमटा घेई, आणि मास्तर त्या फुलावर हिरवा रंग चढवत. ते चुकून पुढं गेले की ती दटावी, "मास्तर, वळ सोडू नगासा. आप्पा मागनं बघत येतोय." काम थांबलं की शोभाला हाक मारी, "हात धुवाय पानी दे गं, तंबाकूचा चिकटा लागलाय." शोभा तांब्या आणि घमेलं आणी. ते सुकलेले हात त्या दोघी मिळून कितीतरी वेळ धूत बसत... घरात इतकं समाधान मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

एका पहाटे आक्का झोपेतच गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मास्तर आले. विहिरीकडची शेवटची ओळ अजून गुलाबी होती. त्यांनी ब्रश काढला आणि विचारलं, "एवढी खुडून टाकू काय?" मी नको म्हटलं. आता ते चित्र तिच्या रिकाम्या पलंगावरच्या भिंतीला आहे. दुपारी मी तिथं जाऊन बसतो. रान मला नीट आठवत नाही. आक्काची बोटं मात्र त्या ओळीशी दिसतात.

ती ओळ तशीच ठेवली त्या दिवशी मी उरलेले आठ हजार पुढं केले, तेव्हा मास्तरांनी पाचशेच्या दोन नोटा काढून परत दिल्या. "एक वळ ऱ्हायली की वो. अपुऱ्या कामाचं पुरं पैसं कसं घिऊ?"

अपुऱ्या कामाचे पुरे पैसे मी आजवर कुणाला दिलेले नाहीत. पण ती ओळ मास्तरांच्या कामात धरलेलीच नव्हती, ती आक्काची होती. दोन्ही नोटा मी त्यांच्या खिशात घातल्या. ठरलेले बारा हजार कल्लाप्पा मास्तरांना पोहोचले.