बांधाच्या मापाचा ट्रॅक्टर

चार एकरांना कोणता ट्रॅक्टर घ्यावा, हे मला सोडून अख्ख्या बेंबळी गावाला माहीत होतं. जो तो म्हणे, काळं रान हाय, पन्नास एचपीच्या खाली बघूच नको. तुळजापूर झालं, सोलापूर झालं. शोरूमचा चहा पिऊन पिऊन जीव विटला. शेवटी मोठाच घ्यायचं ठरवून घरी आलो, तर वडील म्हणाले, "आधी वाट मोज."

आमच्या रानात जायला चुलत्यांच्या बांधावरूनच वाट आहे. वाटणी झाली तेव्हा तिच्यावरून भरलेली बैलगाडी आरामात जायची. चुलते दर साली नांगरताना बांध थोडा थोडा कोरत आले आणि भांडण नको म्हणून आम्ही गप्प बसत आलो. टेप लावला. मोठ्या ट्रॅक्टरचं एक चाक त्यांच्या सोयाबीनमध्येच गेलं असतं. आता भांडायचं त्राण कुणात होतं? बारका घेतला.

नारळ फोडला त्या दिवशी चुलते आले. ट्रॅक्टरभोवती फिरले, पेढा तोंडात टाकला नि म्हणाले, "लई बारका घेतलास की रं! मोठा घेतला असतास, तर माझंबी रान नांगरून झालं असतं."