शांतवनभाऊंची साक्ष

शरणपुरातल्या आमच्या चर्चमध्ये मी पेटी वाजवायचो, त्यामुळे शांतवन वाघमारे यांची साक्ष मला तोंडपाठ होती. आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. शांतवनभाऊ दर दोन महिन्यांनी तेच सांगत: दारू कशी सुटली, एस्तेरवहिनी माहेराहून परत कशा आल्या. पाळकसाहेब पाच मिनिटं देत, भाऊ वीस घेत. मला वैताग यायचा, पण माणूस इतका भाबडा की रागही धड टिकत नसे.

२००२ मध्ये सातपूरचा त्यांचा कारखाना बंद पडला. भाऊ तिथे गेटवर वॉचमन. मालक म्हणे, कामगारांनीच काम सोडलं. कामगार म्हणत, आम्ही डबे घेऊन आलो तर गेटला कुलूप. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. कुलूप कसं लागलं हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याला मालकाने आपल्या गोडाऊनवर ठेवून घेतलं होतं. घरात खाणारी पाच तोंडं. भाऊ मूग गिळून बसले.

तारीख जवळ आली तसा निवृत्ती नावाचा जुना फिटर त्यांच्या घरी आला. भाऊ ड्युटीवर होते.

“वहिनी, भाऊ साक्ष देणार हाय का नाय, तेवढं सांगा.”

भाऊंनी घरी कोर्टाचं अवाक्षर काढलं नव्हतं. “देणार की,” वहिनी आनंदाने म्हणाल्या. “रविवारी दहाला, चर्चमध्ये. सगळ्यांना घेऊन या.”

कोर्टाआधी हे लोक देवापुढे बोलत असतील, असा निवृत्तीने अर्थ लावला.

रविवारी शेवटच्या दोन बाकांवर अकरा कामगार येऊन बसले. नवी माणसं पाहून पाळकसाहेबांना इतका हर्ष झाला की त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. भाऊ उठले, दारूपर्यंत आले आणि त्यांची नजर मागच्या बाकांवर गेली. वाक्य अर्ध्यात तुटलं. संपलं वाटून मी पेटीवर हात ठेवला.

“दारूचं तुम्हाला माहीत आहे,” भाऊ म्हणाले. “कुलपाचं नाही. ते मी लावलं. मालकाने सांगितलं आणि मी लावलं. ही माणसं बाहेर उभी होती. देवाने मला सोडवलं असं इथे सांगतो, आणि तिकडे गोडाऊनवर जाऊन लपतो.”

त्या दिवशी त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

गुरुवारी कोर्टात ते हेच बोलले. इतके महिने गप्प का होतात, असं मालकाच्या वकिलाने विचारलं.

“भीत होतो, साहेब. अजूनही भितो. पण आता सगळ्यांसमोर सांगून बसलोय.”

साक्ष संपली तसे मागून निवृत्ती आणि त्याचे दहाही जण एका सुरात “आमेन” म्हणाले. साक्षीनंतर असं म्हणायचं असतं, हे ते रविवारी शिकले होते. न्यायाधीशांनी शांत राहायला सांगितलं खरं, पण हसू त्यांनाही आवरेना.

संध्याकाळी गोडाऊनची नोकरी गेली. भाऊ ते सांगायला माझ्या घरी आले, तेव्हा इतके मोकळे हसत होते की रडू मलाच आलं.