अंगठ्यासाठी एक किल्ला

वाइंडिंगच्या दुकानात टेबलाखाली तांब्याच्या तारेचे तुकडे पडत राहतात. जपून कोणी ठेवत नाही, पण दिवाळीला झाडायला घेतलं की अर्धी गोण निघते. किश्श्यांचंही तसंच. परवा शहापूरच्या बाजारात विलास भेटला, उभ्याउभ्या एक आठवण निघाली, आणि मग टपरीवर बसून दीड तास आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसत होतो. गोष्ट म्हणजे एक व्हिडिओ गेम. हातात धरून खेळायचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. त्या गेमनं माझा धंदा वाचवला असं मी म्हणतो, तेव्हा नवीन माणूस माझ्याकडे संशयानं बघतो. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

*

लोडशेडिंगची वर्षं होती. मुरबाड रस्त्याला दामूकाकांचं दुकान. जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून त्या भरून द्यायच्या: शेतीपंप, पंखे, मिक्सर, जे येईल ते. काका मालक. कामाला सापगावचा विलास, डोळखांबकडच्या पाड्यावरचा मोरू आणि मी.

एक दिवस पिठाच्या गिरणीची मोटार चालू करून बघताना माझा उजवा अंगठा पट्ट्यात गेला. शीर तुटली. कल्याणच्या डॉक्टरांनी ती जोडली आणि दीड महिन्यानं पट्टी सोडून म्हणाले, "मी माझं काम केलं. आता हा दिवसभर वाकवत राहायचा. नाही वाकवला तर काठीसारखा ताठ राहील."

वाइंडिंगमध्ये तार मोटारीच्या खाचेत दाबून बसवतो तो अंगठाच. बाकीची नऊ बोटं मदतनीस. अंगठा गेला म्हणजे धंदा गेला, आणि दुसरा धंदा मला येत नव्हता. डॉक्टरांनी पिळायला रबरी चेंडू दिला होता. तिसऱ्या दिवशी तो शेजारच्या कुत्र्यानं पळवला आणि खरं सांगतो, मला आनंद झाला. दुखायचं फार.

त्याच आठवड्यात बोटीवर नोकरीला असलेला माझा मामेभाऊ सुट्टीवर आला. माझा हात बघून त्यानं बॅगेतून तो गेम काढला. "यात सगळं काम अंगठ्याचंच असतं," म्हणाला. सोबत एकच कॅसेट, तीही जपानी.

*

गेममध्ये एक भला मोठा अंधारा किल्ला. आत सांगाडे, वटवाघळं, चिलखतातला एक लोखंडी माणूस, आणि सगळ्यात वर किल्ल्याचा मालक, जो माणसांचं रक्त पितो. आपला लांब कोटवाला गडी तलवार घेऊन आत शिरतो आणि मरतो. एवढंच आम्हाला कळलं, कारण बाकी सगळं जपानीत लिहिलेलं. आत एक म्हातारा भेटायचा, खूप बोलायचा आणि शेवटी दुसऱ्याच दाराकडे पाठवायचा. विलासनं त्याचं नाव तलाठी ठेवलं.

माहुली गडाच्या पायथ्याशी वाढलेली माणसं आम्ही, किल्ल्याला काय घाबरणार? पण हा भलताच कठीण निघाला. त्यात स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही. काळ्या पडद्यावर काळा किल्ला आणि त्यात काळं वाघूळ. उन्हात नाहीतर बल्बखाली धरला तरच दिसायचा. म्हणून वीज गेली की आम्ही चौघंही दुकानाच्या उंबऱ्यावर. येणारं गिऱ्हाईक आधी आमच्या डोक्यांवरून वाकून बघायचं, मग मोटारीचं विचारायचं.

भांडणं नकोत म्हणून काकांनी नियम केला, "एक जीव, एक पाळी. मेला का दुसऱ्याला दिला."

नियम चांगला होता, पण ही तिघं इतकी कच्ची की दर दोन मिनिटांनी माझी पाळी परत यायची. काका पहिल्याच खड्ड्यात पडायचे. केसाएवढी तार डोळे मिटून खाचेत घालणारा माणूस, त्याला एवढा खड्डा दिसू नये? विलास सांगाड्याला आपण होऊन जाऊन धडकायचा. मोरूचं तर काय सांगावं. मोठ्या वाघळानं मला चार दिवस छळलं, तेव्हा मोरू शांतपणे म्हणाला, "त्याच्या मागं नाय पळायचा रे. वाघूळ फिरून त्याच जागंवर येतं. तितंच उभा ऱ्हा."

तिथेच उभा राहिलो. वाघूळ आलं आणि मेलं. मी विचारलं, "तुला एवढं कळतं, तर तू कसा मरतोस?"

"माजं ध्यान नसतं," मोरू म्हणाला.

*

रात्रीपुरता गेम घरी न्यायची मुभा मला होती, दुखणं माझं होतं ना. आईनं पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "काय हाय ह्यो?"

"भुतांचा किल्ला."

आमच्या घरात भूत हा शब्द चालत नाही. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच देवऋषी, अंगारे, उतारे या सगळ्यांना एकदम निरोप दिला होता. आईनं माझ्याकडे बघितलं. "तुज्या आजानं भुतं घराभाईर काढली, आन तू सेल घालून परत आनलीस?"

मी अंगठ्याचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. आई तांदूळ पाखडत राहिली. दुसऱ्या दिवशी ताट वाढायच्या आधी तिनं विचारलं, "किती मारली?"

"ऐंशी."

"आजून वीस मार. मंग जेव."

*

आता वहीचा किस्सा. मोटार उलगडायच्या आधी जुन्या गुंडाळीची नोंद वहीत करतात. तार कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत जाते आणि फेरे किती, हे सगळं त्यात. ती वही हरवली तर दुकान आंधळं. मला नकाशा काढायची तेवढी एकच रीत येत होती. मी किल्ल्याच्या खोल्यांना नंबर दिले आणि त्याच वहीत डाव्या हातानं लिहून ठेवलं: एकमधून आठ, तीनमधून सहा, मग परत अकरा.

चार दिवसांनी मुरबाडकडच्या एका शेतकऱ्याचा पंप आला. विलासनं जुन्या तारा काढल्या, व्यवस्थित नोंद केली आणि सकाळी भरायला बसताना पान चुकला. काम मात्र सुरेख. वार्निश लावलं, आत बल्ब ठेवून सुकवलं. वीज आल्यावर जोडलं तर मोटार नुसती घुमायला लागली. जागची हलेना.

काकांनी ती उघडली आणि पाव तास बघत राहिले. "विलास, ही जोडणी कुटली?"

"वहीतलीच हाय काका."

काकांनी वही घेतली. बोट ठेवत ठेवत खाली आले आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, "इथे लोखंडी माणूस. मागून मारायचा."

विलास म्हणाला, "माला वाटला, पंपातलाच कायतरी असंल."

त्या शेतकऱ्याची भेंडी उन्हात उभी होती. काकांनी स्वतःच्या विहिरीवरचा पंप काढून त्याला दिला, आणि विलास-मोरूनं त्याच दिवशी सगळी तार उलगडून मोटार परत भरली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. संध्याकाळी काकांनी नवी वही आणून माझ्यापुढे ठेवली. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: किल्ला.

*

महिन्यानं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठा वाकवून बघितला, पट्टी लावून मोजला आणि विचारलं, "चेंडू रोज पिळता वाटतं?"

खोटं बोलवेना. पिशवीतून गेम काढून दाखवला. बाहेर पेशंट ताटकळलेले असताना डॉक्टर खिडकीशी उजेडात उभे राहून तीन वेळा मेले. मग खुर्चीत बसून त्यांनी कागदावर इंग्रजीत काहीतरी खरडलं. "हे चालू ठेवा. बंद करायचं नाही."

आसनगावला उतरून मी तो कागद मेडिकलवाल्याला दिला. त्यानं गोळ्या काढल्या, मलम काढलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबला. लिहिलं होतं: व्हिडिओ गेम, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. त्यानं कपाटात बघितलं, खालच्या खणात बघितलं, आणि कागद परत देत म्हणाला, "ह्यो आपल्याकडं नाय येत. कल्यानला बगा."

*

किल्ल्यात एक लाल खोली होती. तिथे गेलं की गेमला आपण कुठवर आलो ते लक्षात राहायचं. एकदा मोरूनं त्या खोलीत चुकीचं जपानी अक्षर दाबलं. किल्ला पुसला गेला. दोन महिन्यांची चढाई गेली आणि आमचा गडी परत पहिल्या दारात.

मी उठलो आणि मागे जाऊन तारेच्या रिळांजवळ बसलो. डोळ्यात पाणी आलं होतं. गेमसाठी नव्हे. अंगठा अजून अर्धाच वाकत होता, आणि मला वाटलं, आपलंही असंच होणार. मोरू येऊन शेजारी बसला.

काका टेबलावरूनच म्हणाले, "फेरे चुकले तर काय करता रे तुमी?"

"उलगडतो," मोरू म्हणाला.

"मंग रडत कोन बसलाय?"

*

त्यानंतर तीन-चार आठवड्यांची गोष्ट. विलास टेबलफॅन भरत होता, बारीक तारेचं काम. मधेच म्हणाला, "सुध्या, धर जरा. चूळ भरून येतो." मी धरलं. सुटू नये म्हणून एक फेरा खाचेत दाबला. मग दुसरा. मग मोजायलाच लागलो.

आमच्याकडे एक शिस्त आहे. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही. आग लागली तरी आधी त्याचं मोजणं संपू द्यायचं. विलास परत आला आणि दारातच थांबला. मोरूनं हातातला हातोडा खाली ठेवला, आवाज न करता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला काकांनी हातानंच थोपवलं. मी दोनशे दहाला थांबलो, तार तोडली, आणि वर बघितलं तेव्हा मला कळलं की मी काय केलं. विलास डोळे पुसत होता. वार्निशचा वास डोळ्यांना लागतो म्हणाला. त्या दिवशी डबा उघडलाच नव्हता.

त्यानंतर गेमला वेळ मिळेनासा झाला. किल्ल्याचा मालक आमच्या हातून मेला नाही तो नाहीच. असेल अजून वर बसलेला. माझी काही तक्रार नाही. आज माझं स्वतःचं दुकान आहे, आणि ही तिघं नसती तर मी कुठे असतो याचा विचार मी करत नाही.

*

एक किस्सा मात्र मी विलासलाही सांगितला नाही. किल्ला पुसला गेल्यानंतरच्या रविवारचा. त्या आठवड्यात गेम मी घरी न नेता दुकानातच ठेवला होता. दुकान बंद होतं, पण माझा डॉक्टरांचा कागद तिथे राहिला होता, म्हणून दुपारी गेलो. शटर अर्धं वर होतं. उंबऱ्यावर, उन्हाकडे पाठ करून दामूकाका एकटेच बसले होते. चष्मा कपाळावर, गेम हातात. मला वाटलं, बिचारे सराव करताहेत.

मी मागून वाकून बघितलं. पहिला खड्डा केव्हाच मागे पडला होता. काकांनी वाघळाला एका जागी उभं राहून मारलं. लोखंडी माणसाला मागून गाठलं. जिना चढले, मी आयुष्यात न बघितलेल्या एका खोलीत गेले, तिथून पुढच्या. अंगठा असा चालत होता, जसा खाचेत तार बसवताना चालतो, घाई नाही आणि थांबणं नाही.

माझी चप्पल फरशीला घासली. काकांनी मागे बघितलं नाही. त्यांनी गड्याला वळवलं, शांतपणे दोन पावलं चालवलं आणि समोरच्या खड्ड्यात टाकलं.

"मेलो रे," काका म्हणाले. "धर. तुजी पाळी."