एक स्टॉप आधी

नव्वदच्या दशकात अंबडहून सुटणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमधला एक जाडा माणूस रोज घराच्या एक स्टॉप आधीच उतरायचा. उतरताना शर्ट खाली ओढायचा, कोणाकडे बघायचा नाही. त्या स्टॉपला लागूनच दारूचा गुत्ता होता, त्यामुळे आम्ही काय ते समजून गेलो होतो.

मी जात्याच संशयी. एकदा मागोमाग उतरलो. गुत्त्याकडे न बघता तो डबा सांभाळत झपझप चालत सुटला. मी धापा टाकत त्याला गाठलं.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "पितो म्हणतात ते परवडलं. वजनासाठी चालतो हे कळलं, तर रोज विचारतील, किती कमी झालं?"

पोट माझंही सुटलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्यामागून उतरलो, तेव्हा बसमधून कोणीतरी म्हणालं, "हापण लागला नादाला!"